परड्यातल्या वनस्पतीला विचारायचे दोन प्रश्न

मराठीत ‘झाड’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. मिरचीचे झाड, तुळशीचे झाड, केळीचे झाड आणि वडाचेही झाडच. बोलण्यात त्याने काही अडत नाही. पण नव्याने परडे लावायला घेतलेल्या किंवा शिवारातल्या वनस्पती ओळखायला निघालेल्या माणसाचे पाऊल नेमके याच शब्दापाशी अडखळते. आपल्या सीमाभागातल्या लोकांना मात्र एक सोय आयती मिळालेली आहे. बाजारात, एसटीत, बांधावर रोज कानावर पडणाऱ्या कन्नडमध्ये मर म्हणजे वृक्ष, गिड म्हणजे रोप किंवा झुडूप, बळ्ळी म्हणजे वेल आणि हुल्लू म्हणजे गवत. बेळगावच्या शनिवारच्या बाजारात रोपे घेऊन बसलेली बाई गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते, तेव्हा ती नकळत वनस्पतींची वर्गवारीच करीत असते.

वनस्पती ओळखण्याच्या या पद्धतीत दोनच प्रश्न विचारायचे आहेत. पहिला, ही वनस्पती उभी कशी राहते, म्हणजे तिची ठेवण कोणती? दुसरा, ही जगते किती आणि फुलून-फळून झाल्यावर तिचे काय होते, म्हणजे तिचे जीवनचक्र कोणते? हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी लिहायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. कारण मऊ खोडाची ती अल्पायुषी आणि लाकडी खोडाची ती दीर्घायुषी, असा जो सोपा समज आपण करून घेतो, तो हळदीपाशीही मोडतो आणि कारवीपाशीही मोडतो.

पहिली पायरी : दहा वनस्पती निवडा

एक वही, थोडी सुतळी, एक खुरपे आणि एक वर्षाचा धीर एवढेच साहित्य लागते. सुरुवातीलाच जांबोटी-कणकुंबीच्या रानात जाऊ नये. तिथली वनस्पतींची गर्दी पाहून नवखा माणूस गोंधळतो. घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, रोज येता-जाता नजरेस पडणाऱ्या दहा वनस्पती निवडाव्यात. त्यांत एक तुमच्या हातचे पीक, एक तण, एक वेल, एक फुलझाड आणि एक मोठा वृक्ष असला म्हणजे पुरे. प्रत्येकीजवळ खुंटी रोवून तिला चिठ्ठी बांधावी. चिठ्ठी वनस्पतीला न बांधता खुंटीला बांधावी, कारण काही वनस्पती जमिनीवरून साफ नाहीशा होणार आहेत आणि त्यांची जागा तेव्हाही आपल्याला ठाऊक असायला हवी.

दुसरी पायरी : खोडाला नख लावा

जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख सहज रुतले, आतून पाणी सुटले आणि खोड हिरवे असले, तर ती शास्त्रीय मराठीत ‘ओषधी’ होय. हा शब्द औषधासाठी नाही. मऊ, बिनलाकडी खोडाच्या कोणत्याही वनस्पतीला तो लागू होतो. भात, तेरडा, पालक, मसूर, हळद या सगळ्या ओषधी आहेत. नख रुतले नाही आणि सालीखाली कठीण लाकूड लागले, तर ते झुडूप किंवा वृक्ष. या दोहोंच्या मध्ये तुळशीसारख्या वनस्पती येतात; त्यांचा बुडखा लाकडी होतो आणि वरच्या फांद्या मात्र कोवळ्या हिरव्याच राहतात. अशांना उपक्षुप म्हणतात.

या परीक्षेत केळीचा अनुभव घ्यावा, असा माझा आग्रह आहे. घड उतरवल्यावर केळ तोडावीच लागते. त्या वेळी खोड आडवे कापून पाहावे. आत लाकूड नाही, वाढीची वलये नाहीत. एकात एक गुंडाळलेली सोपटे आहेत, प्रत्येक सोपटात हवेचे चौकोनी कप्पे आहेत, आणि अगदी मध्यभागी पांढरा, गोल दांडा आहे, ज्याच्या टोकाला केळफूल आले होते. म्हणजे आपण ज्याला खोड समजत होतो, ते पानांच्या देठांचे एकमेकांवर बसलेले तळ होते, आणि केळीचे खरे खोड जमिनीखालचा कंद आहे. दहा-बारा फूट उंच वाढणारी केळ ही वृक्ष नसून एक अवाढव्य ओषधी आहे, हे त्या एका कापात पटते.

तिसरी पायरी : फांद्या कोठून फुटतात ते पाहा

लाकडी खोडाच्या वनस्पतीत एकच बुंधा असून तो माणसाच्या डोक्यापेक्षा वर जाऊन फांद्या धरत असेल आणि पूर्ण वाढीची उंची पाच-सहा मीटरांच्या पुढे जात असेल, तर तो वृक्ष मानावा. जमिनीपाशीच अनेक फांद्या फुटून सगळ्याच सारख्या जाडीच्या वाटत असतील, तर ते झुडूप. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ हे वृक्ष. जास्वंद, निरगुडी, अडुळसा ही झुडपे. डाळिंबासारखी वनस्पती छाटणीप्रमाणे दोन्ही रूपे घेते. तोडलेल्या ऐनाच्या खुंटाला पाच-सहा धुमारे फुटले म्हणून तो झुडूप ठरत नाही. कुऱ्हाडीने दिलेला आकार आणि वनस्पतीचा स्वतःचा आकार यांतला फरक वहीत जरूर नोंदवावा.

पानगळीने फसू नये, एवढे इथेच सांगतो. पळस आणि पांगारा पाने गाळून बोडके होतात आणि त्याच अवस्थेत फुलतात. पाने नसणे म्हणजे आयुष्य संपणे नव्हे.

चौथी पायरी : स्वतःच्या बळावर उभी नसेल, तर आधार कसा धरते?

वेल एवढाच शब्द लिहून थांबू नये. वेल वर चढते कशाने, हे पाहण्यात खरा आनंद आहे आणि मांडव कोणता घालायचा, हेही त्यावरच ठरते. पावटा किंवा गुळवेल स्वतःचे खोडच आधाराभोवती वळसे घालीत नेते. तिला उभी काठी किंवा दोरी पुरते. दोडका, कारले, तोंडली यांना तणावे असतात. तणावा बारीक काडीला धरतो, जाड बांबूला नाही, म्हणून त्यांच्या मांडवावर बारीक दोऱ्या किंवा काटक्या पसराव्या लागतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सुपारीवर चढवलेली मिरी पेरांपाशी फुटणाऱ्या मुळांनी सालीला चिकटते. तिला गुळगुळीत लोखंडी खांब देणे म्हणजे तिची वाट अडवणे होय. बोगनवेल काट्यांनी अडकत अडकत वर जाते. तिला बांधून ठेवावे लागते. कळलावीचे तर पानच टोकाला कोवळ्या आकड्यासारखे वळते आणि शेजारच्या डहाळीला धरते. भाद्रपदात कुंपणावर ती फुललेली दिसली, तर फुलाकडे पाहून झाल्यावर एकदा तिच्या पानाचे टोकही पाहावे. मात्र ती वनस्पती कंदापासून बीपर्यंत विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाती देऊ नये.

सह्याद्रीच्या दाट रानात गारंबीसारख्या महावेली असतात. त्यांचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड आणि लाकडी होते, तरी त्या वेलीच. कारण आधार काढला तर त्यांना स्वतःचे वजन पेलत नाही. उलट रताळे आणि ब्राह्मी भुईवर पसरतात, वर चढण्याचा प्रयत्न करीत नाहीत आणि पेरापेरांशी मुळे धरतात. त्यांना भुईवेली म्हणावे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत रताळ्याची लागवड कंद पेरून न करता वेलीचे तुकडे लावून करतात, ती याच गुणाच्या जोरावर.

एकाच जातीत दोन ठेवणीही असतात. घेवड्याचा बुटका वाण दीड-दोन फुटांवर थांबतो आणि वेलीचा वाण मांडव मागतो. बियाणे घेताना हे विचारून घेतले नाही, तर ऐन पावसात काठ्या शोधत फिरावे लागते.

झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींचा एक छोटा वर्ग उरतो. आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ फांदीत मूळ घुसवून तिच्यातले पाणी ओढते, म्हणून ते परजीवी. त्याच फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) मात्र फक्त जागा घेते, अन्न स्वतः तयार करते, म्हणून ती अपिवनस्पती. ‘झाडावर काहीतरी वाढले आहे’ असे म्हणून आमरीही ओरबाडून टाकणारे लोक पाहिले की जीव हळहळतो. वड या सगळ्यांत निराळा. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले त्याचे बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते, तेव्हा तो अपिवनस्पती असतो. मुळे जमिनीला टेकली की तो स्वतंत्र होतो आणि पुढे आश्रय देणाऱ्याला वेढून उभा वृक्ष बनतो. अशा वनस्पतीपुढे एकच शब्द लिहू नये, तिचा प्रवास लिहावा.

पाचवी पायरी : फळ पिकल्यावर काय होते, याची वाट पाहा

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो आणि त्याचे उत्तर एका भेटीत मिळत नाही. बी रुजल्यापासून फूल, फळ, नवे बी आणि मरण हे सगळे एका हंगामात उरकणाऱ्या वनस्पतींना वर्षायू म्हणतात. प्रत्यक्षात त्यांना पुरते वर्षही लागत नाही. सोयाबीन साधारण ९५ ते ११० दिवसांत वाळून उभे राहते. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर पेरलेली मसूर थंडी सरता सरता काढणीला येते. तेरडा मृगाच्या पावसावर रुजतो, गौरीच्या सणाला फुलतो, बोट लागताच त्याची बोंडे फुटून बी उडते आणि दसऱ्यानंतर त्याचे काटूकही सापडत नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण वर्षायू वनस्पतींना अगदी जवळून पाहिलेल्या माणसानेच केली असावी.

फूल येणे हे वर्षायू वनस्पतीच्या बाबतीत अखेरीचे चिन्ह असते. एकदा फूल धरले की तिची सारी ताकद बियांकडे वळते. निपाणी भागातला तंबाखूचा शेतकरी हे पुरते जाणतो. त्याला बी नको, पान हवे असते. म्हणून कळ्या दिसताच तो शेंडा खुडतो. शेंडा गेला की पानांच्या बगलेतून फुटवे येऊ लागतात, कारण वनस्पती फुलण्याची आपली वाट सोडत नाही. तेही त्याला पुन्हा पुन्हा काढावे लागतात. त्या खुडण्यातून पाने जाड आणि वजनदार होतात. परड्यातल्या तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या की ती अधिक काळ टवटवीत राहते, त्यामागेही हेच कारण आहे.

द्विवर्षायू हा वर्ग नवशिक्याला सर्वांत परका वाटतो, कारण आपण या वनस्पती अर्ध्या आयुष्यातच खाऊन टाकतो. गाजर, कोबी, बीट, कांदा या वनस्पती पहिल्या हंगामात अन्न साठवतात आणि दुसऱ्या हंगामात तो साठा खर्चून फुलतात, बी देतात व मरतात. कांद्याचे उदाहरण घरी करून पाहता येते. चांगला पोसलेला एक गड्डा न चिरता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाफ्यात लावावा. काही आठवड्यांत पात येते, मग पोकळ डेंगळा वर येतो, त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू धरतो आणि पुढे त्यात काळे, कोनदार बी भरते. त्या वेळी गड्डा उकरून पाहिला, तर तो सुरकुतून रिकामा झालेला असतो. वर्गाच्या नावात वर्ष असले तरी इथे मोजायचे असतात वाढीचे दोन हंगाम. कॅलेंडरची दोन वर्षे भरलीच पाहिजेत असे नाही.

गाजराने मला एक वर्ष वाट पाहायला लावली होती. पाकिटातले विलायती नारिंगी गाजर मी परड्यात लावले आणि एक ओळ बियांसाठी राखली. ती शेवटपर्यंत फुलली नाही, पावसाळ्यात कुजून गेली. कारण नंतर समजले. या जातींना फुलण्यासाठी काही आठवडे सुमारे १० अंशांखालची थंडी लागते, आणि बेळगावचा गारठा कितीही बोचरा असला तरी इतका दीर्घ आणि इतका खोल नसतो. त्यांचे बी थंड डोंगराळ प्रदेशात तयार होऊन इथे येते. देशी लाल गाजर मात्र कमी थंडीतही फुलते. स्वतःचे बी धरण्याची इच्छा असणाऱ्याने जात निवडतानाच हे ध्यानात घ्यावे.

सहावी पायरी : वैशाखात जमिनीखाली पाहा

दोनहून अधिक वर्षे जगणाऱ्या त्या बहुवर्षायू. वृक्ष आणि झुडपे यांच्याबद्दल शंका नसते. शंका येते ती ओषधींबद्दल. हळदीची पाने पिवळी पडून माघ-फाल्गुनात वाळतात, सुरणाचे ते एकुलते एक छत्रीसारखे पान आडवे होते आणि वरून पाहणाऱ्याला वनस्पती मेली असे वाटते. एका नातलगांनी दिलेली भुईचाफ्याची कुंडी मी अशीच पौषात मेली समजून उकिरड्यावर उलटी केली होती. उन्हाळा तापल्यावर एके सकाळी त्या उकिरड्यातून, एकही पान नसताना, पांढरी-जांभळी सुगंधी फुले थेट मातीतून वर आलेली दिसली. गड्डा हाताने उकरून पाहिला, तेव्हा त्याला गोट्यांसारख्या गाठी लोंबत होत्या आणि त्या पाण्याने भरलेल्या होत्या. तेव्हापासून कोणतीही वाळलेली ओषधी टाकण्याआधी मी खुरप्याने बोटभर माती बाजूला करून पाहतो. खाली टणक, ओला कंद, गड्डा किंवा आडवे खोड सापडले, तर ती बहुवर्षायू आणि झोपलेली आहे. मुळे तंतुमय, कोरडी आणि हाताने चुरणारी असली, तर तिचे आयुष्य संपलेले आहे.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ रौंकियर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सगळ्या वनस्पतींची एक वर्गवारी याच निरीक्षणावर उभी केली : प्रतिकूल ऋतूत वनस्पती आपला कोंब कोठे सांभाळून ठेवते? वृक्ष उंच फांद्यांवर, हळद जमिनीखाली, आणि वर्षायू वनस्पती फक्त बियांमध्ये. त्यांच्याकडे तो ऋतू बर्फाचा होता, आपल्याकडे तो कोरड्या उन्हाळ्याचा आहे, एवढाच फरक.

सातवी पायरी : किती वर्षे, याबरोबरच किती वेळा, हेही लिहा

सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी कारवी लाकडी खोडाची, बहुवर्षायू आहे, तरी ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. केरळात मुन्नारच्या बाजूला प्रसिद्ध असलेली नीलकुरिंजी ही तिचीच नातलग. तिला १२ वर्षे लागतात, आणि ती २००६ व २०१८ मध्ये फुलली. काटेरी कळकाचे, म्हणजे बांबूचे, बेट ३० ते ५० वर्षांच्या अंतराने एकाच वेळी फुलते आणि सबंध बेट वाळते. घायपात आणि भेरली माड यांचीही तीच गत. भेरली माडाचे तुरे शेंड्याकडून खाली काही वर्षे येत राहतात आणि खालचा शेवटचा तुरा पिकला की झाड संपते. केळीचा प्रत्येक बुंधा एकदाच घड देतो, पण कंदातून मुनवे येत राहतात, म्हणून बुंधा मरतो आणि केळ जगते.

चरकसंहितेत ‘ओषधी’ हा शब्द मऊ खोडावरून ठरत नाही; तिथे तिची ओळख ‘फलपाकान्त’ अशी दिली आहे, म्हणजे फळ पिकले की जिचा अंत होतो ती. वर्षांची मोजणी त्या व्याख्येत नाही, म्हणून ती मला फार मोलाची वाटते. चार-साडेचार महिन्यांचे भात आणि चाळीस वर्षांचा कळक या दोघांतले साम्य तीत एका शब्दात पकडले आहे. आपल्या वहीत वर्षायू, द्विवर्षायू, बहुवर्षायू यांच्या पुढे ‘एकदाच फुलते’ किंवा ‘पुन्हा पुन्हा फुलते’ असा रकाना अवश्य ठेवावा.

आठवी पायरी : वावरातला मुक्काम आणि वनस्पतीचे आयुष्य वेगळे लिहा

ऊस ही बहुवर्षायू गवताची जात आहे. आडसाली लागण १६ ते १८ महिने उभी राहते, ‘सुरू’ हंगामाचा ऊस १२ महिन्यांत तुटतो, पण तोडणीनंतर बुडख्यातून खोडवा, म्हणजे दुसरे पीक, येतो आणि त्यानंतर निडवा, म्हणजे तिसरे पीकही, घेता येतो. तोडणी म्हणजे उसाचे मरण नव्हे, हे खोडवा राखणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. संकेश्वरी मिरची शेतात एका हंगामाची असते, पण मिरची मुळात झुडपासारखी बहुवर्षायू आहे, आणि सांडपाण्याच्या ओलीवरचे परड्यातले झाड दोन-तीन वर्षे सहज फळते. तूर, वांगे, बटाटा, रताळे यांचेही तसेच. एरंड बर्फाच्या देशात थंडीने दरवर्षी मरतो, म्हणून तिथले लोक त्याला वर्षायू मानतात. आपल्या बांधावर तोच एरंड कौलांच्या उंचीला जातो. म्हणून परदेशी पुस्तकातला किंवा बियाण्याच्या पाकिटावरचा वर्ग जसाच्या तसा उतरून घेऊ नये. आधी आपल्या मातीत आणि आपल्या हवेत पाहावे, मग लिहावे.

या नोंदी कामाला येतात त्या सर्वांत आधी तणांच्या बाबतीत. गाजरगवत आणि टाकळा वर्षायू आहेत; फुलण्याआधी एकदा नीट उपटले, तर त्या रोपांची गोष्ट तिथेच संपते, आणि एक आठवडा उशीर केला तर हजारो बिया पुढच्या पावसासाठी मातीत जमा होतात. हरळी आणि लव्हाळा बहुवर्षायू आहेत. त्यांना वरवर खुरपल्याने ती अधिकच फुटतात, म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरून त्यांच्या काशा आणि गाठी उन्हात टाकाव्या आणि वेचून काढाव्या लागतात. छाटणीचाही निर्णय इथूनच होतो : पुन्हा पुन्हा फुलणारी जास्वंद छाटली की नवे फुटवे आणि नवी फुले येतात, पण दुसऱ्या हंगामातला कांद्याचा डेंगळा छाटला तर बी हातचे जाते.

वहीतली पहिली फेरी मृगात सुरू करावी, दुसरी गौरी-गणपतीच्या दिवसांत, तिसरी संक्रांतीला आणि चौथी वैशाखात. वैशाखातल्या फेरीत दहापैकी काही खुंट्यांपाशी नुसती भेगाळलेली माती दिसेल. तिथे पाणी घालू नये, खुंटी उपटू नये. पहिला वळीव पडल्यावर आठ दिवसांनी पुन्हा जावे आणि कोणत्या खुंटीपाशी जाड, गुंडाळलेला कोंब वर आला आहे व कोणत्या खुंटीभोवती बारीक दुदली रोपांची दाटी झाली आहे, हे लिहून घ्यावे.